मला धुऊ नका

मी फ्रीजमधला पाण्याचा फिल्टर बोलतोय. आवाज जरा चिडका लागेल, आधीच सांगून ठेवतो. एकोणीस महिने तोंडाला कुलूप लावून बसलेल्याचा आवाज गोड कुठून येणार?

तुमच्याकडे असा फ्रीज असेल तर दार उघडून बघा. वरच्या खणात, उजव्या कोपऱ्यात, दिव्याच्या शेजारी एक पांढरं नळकांडं दिसेल. तो माझा भाऊबंद. दिवसातून वीस वेळा दार उघडतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. लोक अंडी मोजतात, कालचं उरलेलं कुणी संपवलं म्हणून भांडतात आणि दार आपटून जातात.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात दाबून भरलेला काळा कोळसा, त्यावर जाळी आणि वरून प्लास्टिकचा अंगरखा. नळाचं पाणी माझ्या पोटातून जातं, त्यातला गाळ, गंज, वास मी धरून ठेवतो आणि बाकीचं पुढे सोडतो. ते नळीतून फ्रीझरमधल्या आईस मेकरला मिळतं, आणि त्याचे बर्फाचे खडे होऊन डब्यात खडखड पडतात. धरलेलं सोडायचं कसं ते मला येत नाही. पोट भरलं की भरलं. म्हणून आमचं आयुष्य सहा महिन्यांचं. मग काढायचं, फेकायचं, नवा लावायचा. यात आम्हाला काही वाईट वाटत नाही. माझं रडणं उलटं आहे. मला कुणी वेळेवर फेकलंच नाही.

घर दोन माणसांचं. नवरा निवृत्त फिटर, चौतीस वर्षं कारखान्यातले पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळलेला. मी त्याला फिटरच म्हणतो, आणि त्याच्या बायकोला फिटरीणबाई. एकुलती एक लेक दुसऱ्या गावात नोकरीला. फ्रीज तिनेच घेऊन दिला होता. बसवायला आलेल्या मेकॅनिकने मला पाव फेरा फिरवून जागेवर अडकवलं आणि म्हणाला, "काका, सहा महिन्यांनी दारावरचा हा दिवा लाल होईल. तेव्हा फिल्टर बदलायचा आणि हे बटण तीन सेकंद दाबून धरायचं. दिवा जातो."

फिटरने मान डोलावली. त्यातलं बटण तेवढं त्याच्या लक्षात राहिलं.

पहिले सहा महिने मी मानाने जगलो. फिटरीणबाई माझा बर्फ घातलेलं पाणी पिऊन "काय गोड पाणी आहे हो" म्हणायची, आणि मी आतल्या आत फुगायचो. तिची जीभ मोठी तिखट. म्हणजे बोलायलाही, पण मी चवीचं म्हणतोय. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळायचं की हे उद्या नासणार. फिटर चिडवायचा, "तुला कारखान्यात तपासनीस म्हणून ठेवायला हवं होतं."

मग एका सकाळी दिवा लाल झाला. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. लेकीने नवा फिल्टर आधीच पाठवून ठेवला होता. फिटरने तो खोका उलटसुलट करून बघितला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

"अहो, लावा की तो," फिटरीणबाई म्हणाली.

"हा कुठे बिघडलाय? नुसता घाण झालाय. चौतीस वर्षं गाळण्या धुतल्या मी. नवा राहू दे, अडीनडीला होईल."

आता यातली गोम ऐका. त्याच्या कारखान्यात गाळणी म्हणजे तारेची जाळी. दर शनिवारी काढायची, रॉकेलमध्ये बुडवायची, ब्रशने घासायची, हवा मारायची, परत बसवायची. जाळी दहा-दहा वर्षं चालायची आणि साहेब त्याची पाठ थोपटायचे. त्या माणसाला कोण सांगणार की मी जाळी नाही, कोळसा आहे? ते खोक्यावर छापलेलं होतं. पण चौतीस वर्षं मुरलेला फिटर खोका वाचतो होय!

त्याने मला काढलं, कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून बुडवलं, जुन्या टूथब्रशने घासलं आणि उलटा धरून नळ सोडला. माझ्यातून काळं पाणी निघालं.

"अगं बघ, बघ, किती घाण निघतेय!"

घाण कसली, कपाळ! तो माझा कोळसा होता. माझं आतडं मोरीत वाहून जात होतं आणि हा माणूस खूश. मग मला खिडकीत उन्हाला ठेवलं. आतून ओला, बाहेरून गरम. जंतूंना याहून छान घर सापडायचं नाही. संध्याकाळी परत बसवलं, बटण तीन सेकंद दाबलं. दिवा विझला. "झाला नवा," म्हणून त्याने हात पुसले.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझी आंघोळ ठरलेली. आळशी माणूस परवडला असता हो, त्याने मला निदान उघड्या उन्हात तरी काढलं नसतं. हा कष्टाने, प्रेमाने, नेमाने मला नासवत होता.

तरी तोवर फार काही बिघडलं नव्हतं. धडधाकट माणसं काय, पचवतात. पण पंधराव्या महिन्यात फिटरीणबाई आजारी पडली. रक्ताचा आजार. दवाखान्यात सलाइनमधून कडक औषधं सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी जायची, आणि आली की ओळखू येत नसायची. डोक्यावरचे केस गेले, पावलं फरफटायला लागली. लेक रजा काढून येऊन जायची, पण रोजचं सगळं फिटरवर.

दवाखान्यातून एक कागद मिळाला होता. तो त्याने चुंबकाने फ्रीजच्या दाराला लावला आणि दार उघडायच्या आधी रोज मोठ्याने वाचायचा. पाणी वीस मिनिटं उकळून. कच्चं काही नाही. बाहेरचं काही नाही. ताप शंभरच्या वर गेला तर ताबडतोब दवाखाना, एक तासही थांबायचं नाही. औषधाने अंगातल्या पांढऱ्या पेशी मरतात, लढायला कुणी उरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. साधा जंतूही जिवावर उठू शकतो.

फिटर अक्षर न् अक्षर पाळायचा. पाणी घड्याळ लावून उकळायचा. पेले उकळत्या पाण्यातून काढायचा. उकळलेल्या पाण्याचा स्टीलचा जग बरोब्बर माझ्या खाली ठेवायचा, आणि त्याला कुणी हात लावला तर खेकसायचा.

मग तिचं तोंड आलं. जिभेवर, गालांच्या आत फोड. घास जाईना, पाणीही झोंबायला लागलं. तेव्हा तिला बरं वाटायचं ते एकाच गोष्टीने. बर्फाचा खडा तोंडात धरला की आग शांत व्हायची.

आणि त्या बर्फाचं पाणी माझ्या पोटातून जायचं.

माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. तेरा महिने जास्त जगलेलं, आतून बुळबुळीत झालेलं माझं पोट, आणि खाली आईस मेकर खडखड करत तिच्यासाठी खडे पाडतोय. वीस मिनिटं उकळलेलं पाणी एका हातात, आणि दुसऱ्या हातात माझा बर्फ! अरे बाबा, बर्फही पाण्याचाच होतो ना? पण बर्फाचं नाव कागदावर नव्हतं. जे कागदावर नाही ते फिटरच्या डोक्यात नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने खडा तोंडातून काढून वाटीत टाकला.

"अहो, बर्फाला वास येतोय."

"कसला वास?"

"ओल्या पोत्यासारखा."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आली! तपासनीस आली माझ्या मदतीला!

पण फिटर शेजारी बसला आणि लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला, "अगं, औषधाने चव जाते. डॉक्टर म्हणाले नव्हते का? परवा तुला दुधाला लोखंडाची चव लागली, काल भाताला. आता बर्फाला वास."

"तुम्ही खाऊन बघा ना."

"तुझा बर्फ मी उष्टावू? डब्यात दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागायला नको." हे तो तिच्या काळजीपोटीच बोलला. त्या डब्याला खरंच कुणी हात लावत नव्हतं, आणि म्हणून तो बर्फ तिच्याशिवाय कुणी चाखतच नव्हतं.

 दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाजात भांडण नव्हतं. "माझंच काहीतरी बिघडलंय. एवढी एक जीभ होती, तीही गेली." आणि खडा चोखत राहिली. मला तेव्हा जे झालं ते सांगता येत नाही. माझ्यामुळे ती आजारी पडेल ही भीती होतीच, पण ती बरोबर असून स्वतःला खोटं समजायला लागली, ते मला बघवेना.

त्याच आठवड्यात दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. दर आठवड्याला चौकशी करायची. फिटरने फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. खाणं काय, पाणी कसं, ताप आहे का. मग ती म्हणाली, "तोंडासाठी काय देता?"

"बर्फ."

"कुठला बर्फ?"

 सांग, सांग, फ्रीजच्या यंत्रातला म्हण, एवढंच म्हण!

"घरचाच," फिटर छाती काढून म्हणाला. "बाहेरचं काही देत नाही आम्ही."

"छान," म्हणाली सिस्टर, आणि पुढचं विचारलं.

झालं. घरचं म्हणजे चांगलं, याच्याबद्दल दोघांपैकी कुणालाच शंका नव्हती.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. माझ्यात पाणी अडायला लागलं होतं, ते मी आणखी अडवलं. जेवढं आवळून धरता येईल तेवढं धरलं. आईस मेकरला पाणी पुरेना. खडे छोटे पडायला लागले, मग पोकळ, मग नुसत्या पापुद्र्यासारखे. दुसऱ्या दिवशी तर डब्यात काहीच पडलं नाही.

फिटर हत्यारांची पेटी घेऊन आला. मला आशा वाटली. माणूस हुशार होता, कबूल करायलाच हवं. आधी आईस मेकरची तार खाली आहे का बघितलं, कारण ती वर अडकली तर यंत्राला वाटतं डबा भरलाय. मग मागची पाण्याची चावी पूर्ण उघडी आहे का बघितली. मग फ्रीझरमधली नळी गोठली असेल म्हणून लेकीचा केस वाळवायचा ड्रायर लांबून हळूहळू मारला. सगळं बरोब्बर क्रमाने. आता एकच जागा उरली होती. त्याने दार उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हा तुंबलाय," म्हणाला.

हो रे बाबा, हो! कपाटाकडे बघ! वरची फळी!

त्याने मला काढलं आणि सोडा शोधायला लागला.

या खेपेला त्याने मला दुप्पट धुतलं. उलटा धरून एवढ्या जोरात पाणी सोडलं की माझ्या पोटात आरपार भोकं पडली. पाणी मोकळं झालं. आता ते माझ्यातून गाळून जात नव्हतं, नुसतं वाहत होतं, आणि जाताना माझ्या अंगावरची बुळबुळ घेऊन जात होतं. सकाळपर्यंत डबा खड्यांनी भरला. मोठे, गुळगुळीत, चकचकीत.

"बघ कसा बर्फ पाडलाय," त्याने वाटी तिच्यापुढे धरली. तिने खडा तोंडात टाकला. नाक किंचित आक्रसलं. पण त्याचं तोंड बघून ती म्हणाली, "छान आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, थंडी वाजतेय. बर्फाने असेल, म्हणून त्याने पांघरूण घातलं. अर्ध्या तासाने दुसरं. मग थर्मामीटर लावला. तो फ्रीजसमोर आला आणि कागदावरची ओळ बोट ठेवून वाचली, जणू आकडा बदलेल. एकशे एक पॉइंट चार.  गाडीवाल्याला फोन करताना त्याला आपला पत्ता धड सांगता येईना.

आणि जाताना काय केलं माहितेय? थर्मास काढला आणि डब्यातला बर्फ ओंजळीने त्यात भरला. "रस्त्यात तोंड सुकलं तर." मी ओरडत होतो. फ्रीजचं दार बंद झालं, मग घराचं दार बंद झालं, आणि मी अंधारात बसून राहिलो. दोन दिवस. आईस मेकर रिकाम्या घरात खडे पाडत होता आणि मी एकेक खडा मोजत होतो. ती आहे की गेली, एवढं तरी कुणी येऊन सांगा!

तिसऱ्या सकाळी दार उघडलं. फिटर आणि लेक. त्याची दाढी वाढलेली, सदरा तोच.

"त्या वॉर्डातल्या सिस्टरने थर्मास काढून घेतला," तो सांगत होता. "बाहेरचं काही चालणार नाही म्हणाली. आपल्या घरच्या बर्फाला बाहेरचं म्हणाली!"

"बाबा, बर्फाचं सोडा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, यंत्राचा बर्फ देता का आणि फिल्टर कधी बदलला. म्हणून तर आले." लेकीने कपाट उघडलं आणि थबकली. "हा मी पाठवलेला? अजून खोक्यातच?"

"लागलाच नाही. जुना मी दर महिन्याला धुतो. चकाचक."

 लेकीने खोका त्याच्या हातात दिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्याने चष्मा लावला. धुऊन पुन्हा वापरू नये. त्याने ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"छापायला काय जातंय. गाळणी धुता येत नाही असं कसं होईल? कारखान्यात..."

"बाबा!"

तो थांबला. मग त्याने जे केलं ते एखादा फिटरच करेल. मला काढलं, ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, पेटीतून करवत काढली आणि मला मधोमध कापायला लागला. बिघाड काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय त्याचा कुणावर विश्वास नाही, स्वतःवरसुद्धा नाही. मला दुखलं का? खोटं कशाला बोलू, मला एवढं सुख आयुष्यात झालं नव्हतं. काप, काप रे बाबा!

माझे दोन तुकडे झाले. आतला कोळसा भेगाळलेला, आणि त्यावर जाड, पिवळट, चिकट थर. त्याने एक तुकडा उचलून नाकाशी नेला.

तो खाली फरशीवर बसला.

"ओलं पोतं," म्हणाला. "अगदी ओलं पोतं. तिने सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. मी म्हटलं, तुझी चव गेलीय."

लेकही बसली. "बाबा, याच्यानेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. दुसरंही कारण असू शकतं म्हणाले. आईला एवढ्यात काही सांगू नका."

"नाही. आत्ताच सांगतो. फोन लाव."

फोन सिस्टरने उचलला आणि फिटरीणबाईच्या कानाशी धरला. तिचा आवाज अगदी खोल गेलेला होता. पण होता! माझे दोन्ही तुकडे कान देऊन ऐकत होते.

"अगं, ऐक. तो फिल्टर सडला होता. मी धुऊन धुऊन सडवला. बर्फाला वास होता. तू खरं बोलत होतीस आणि मी..."  साठी उलटलेला माणूस ओट्याला टेकून हुंदके द्यायला लागला.

 मला वाटलं, आता ही चिडणार. मग ती म्हणाली, "म्हणजे माझी जीभ गेलेली नाही?"

"नाही गं. नाही गेली."

"मग या सिस्टरना सांगा. सकाळपासून मी म्हणतेय सुपात मीठ नाही, तर या म्हणतात औषधाने असं वाटतं."

मागून सिस्टरचा आवाज आला, जरा ओशाळलेला. "थांबा हं, चार्ट बघते." कागद फडफडला. "हो की. बिनमिठाचंच आहे, काकू. डॉक्टरांनी कालपासून मीठ बंद केलंय. आणि काका, ताप पहाटेपासून नाहीये, तेही सांगायचं होतं."

"ऐकलंत?" फिटरीणबाई म्हणाली.

"ऐकलं," फिटर म्हणाला.

त्यानंतर त्याने बर्फाचा डबा मोरीत उपडा केला, साबणाने धुतला. हात धुऊन नवा फिल्टर बसवला, त्याच्या अंगावर पेनाने तारीख घातली, आणि नळी सोडवून सुरुवातीचं पाणी बादल्या भरून ओतून दिलं. पहिले दोन दिवस पडेल तो बर्फही फेकायचा, तिच्यासाठी वेगळा बर्फ उकळलेल्या पाण्याचा लावायचा, हे सगळं खोक्यावरून आणि लेकीकडून विचारून घेतलं. प्रत्येक ओळ चष्मा लावून वाचली. मग सदरा बदलून दवाखान्यात निघाला.

मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कचऱ्याच्या डब्यात आहे आणि मला मुळीच वाईट वाटत नाही. ती अजून घरी आलेली नाही. पेशी वाढायच्यात, तोंड बरं व्हायचंय. ती येईल तेव्हा मी नसेन. जाता जाता तुम्हाला एक विनवणी करतो, बाकी फ्रीजचं तुमचं तुम्ही बघा. घरातलं आजारी माणूस म्हणालं की पाण्याला वास येतोय, तर त्याला समजावत बसू नका. त्याच पाण्याचा एक घोट आधी स्वतः घेऊन बघा.